हात दाखवून

“गेली! अहो, गेली की बस!”

मामी ओरडल्या तोवर बस पुलाच्या चढाला लागलीसुद्धा होती. मागे राहिली नुसती धूळ, आणि कालच रोवलेला थांब्याचा खांब. त्याचा रंग अजून बोटाला लागत होता. आज इथे पहिल्यांदा बस थांबणार म्हणून वस्तीतली पंधरावीस माणसं रस्त्यापासून लांब, भिंतीच्या सावलीत उभी होती. ती एकमेकांची तोंडं बघायला लागली. त्यांच्यातच गुडघा धरून चौकशीबाई उभ्या होत्या.

रंगारीमामा घडीच्या स्टुलावर बसले होते. ते सावकाश उठले आणि घराकडे वळले.

“मामा, असं काय करता? ड्रायव्हरच्या लक्षात आलं नसेल,” चौकशीबाई म्हणाल्या.

“काय ठरलं होतं आपलं, ताई?” मामांनी मान न वळवताच विचारलं. “बस दारात थांबली तर दवाखान्यात जाईन. नाही थांबली तर मला परत विचारायला यायचं नाही. ठरलं होतं की नव्हतं?”

ठरलं होतं. नाही कसं म्हणणार?

चौकशीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या संशोधक होत्या. औषध कोणापर्यंत पोचतं, कोणापर्यंत पोचत नाही आणि का नाही, हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी दारोदार जाऊन विचारायचं: ताप येऊन गेला का, बाळाला लस दिली का, गोळ्या मधेच का सोडल्या. वस्तीतल्या बायकांनी ठेवलेलं नाव मग जन्माचं चिकटलं. घरी नवरा म्हणायचा, “अख्ख्या जगाच्या तब्येतीची चौकशी करतेस, तुझ्या त्या गुडघ्याची कधी केलीस का?” त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. “बरा आहे.”

या वस्तीतले रोगी उपचार अर्धवट सोडतात, अशी मोठ्या दवाखान्याची जुनी तक्रार होती. दवाखान्याच्या मते कारण उघड होतं. लोक अडाणी, दुसरं काय! मग संस्थेने रंगीत भित्तीपत्रकं छापली. ‘उपचार अर्धवट सोडू नका!’ वस्तीने ती हौसेने भिंतींवर लावली, खालचं चित्र चांगलं आहे असं सगळे म्हणाले, आणि उपचार सोडणारे सोडतच राहिले.

मामा त्यांतलेच एक. उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेलेला माणूस. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायची वेळ आली. एक दिवस ‘येताजाता तुमच्याबरोबर चालते’ म्हणून चौकशीबाई त्यांच्यासोबत निघाल्या. जाताना काही वाटलं नाही. खरी परीक्षा येताना. यंत्रावरून उठलेल्या माणसाच्या अंगात त्राण नसतं, आणि थांबा पार पुलाच्या पलीकडे. पुढे मामा, मागे घडीचं स्टूल काखेत मारून मामी. मामा डगमगले की मामींनी पटकन स्टूल उघडायचं, त्यांनी बसायचं, दम खायचा, परत उठायचं. शेजारून ट्रक हॉर्न वाजवत जातच होते. पुलाच्या मध्यावर बाईंचा स्वतःचा गुडघा बोलायला लागला. कठड्याला टेकून त्या उभ्या राहिल्या. वस्तीच्या तोंडावरून एकामागून एक बसेस न थांबता जाताना दिसत होत्या. त्यांना असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. म्हणे अडाणी!

अहवाल चांगला जाडजूड झाला. शेवटी एकच शिफारस होती: वस्तीच्या तोंडाशी बस थांबवा. संस्थेतल्या मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “अहो बाई, आपण लोकांना शहाणं करायचं की बसमध्ये बसवायचं?”

“आधी बसवू या, साहेब,” बाई म्हणाल्या. “शहाणे ते आहेतच.”

मग बसच्या कचेरीचे उंबरठे झिजवणं आलं. दोन थांब्यांच्या मधे तिसरा देता येत नाही, गाडीला उशीर होतो, उद्या सगळेच मागतील. बाईंनी असा लकडा लावला की तिथला शिपाई लांबून त्यांना बघूनच म्हणायचा, “साहेब, त्या आल्या!” शेवटी एकदाचा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब मिळाला.

पण तोवर मामांनी हाय खाल्ली होती. मागच्या दोन्ही वेळा ते गेलेच नाहीत. पाय सुजले, रात्री आडवं होता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की आज आले नाहीत तर छातीत पाणी भरेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. मामांचं म्हणणं एकच. “तो पूल पुन्हा चढायचा नाही मला. त्यापेक्षा घरात मरेन.” मामी पदराआड रडून घेत. म्हणून बाईंनी मिनतवाऱ्या करून हा करार केला होता. आणि बस तर गेली!

“अहो पण मामा, आपण हात कुठे केला?” बाईंना एकदम सुचलं. “सगळे इथे भिंतीपाशी. ड्रायव्हरला वाटलं असेल, बघे उभे आहेत. पुढे होऊन हात केला असता तर थांबली असती!”

आपणही सावली बघून इथेच उभ्या राहिलो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

मामा आता मात्र वळले. “हात केला होता, ताई. नव्हता असं नाही. तरुण होतो तेव्हा. दोन हातांत रंगाचे डबे. एक खाली ठेवला आणि हात केला. तर ड्रायव्हरनेही हात केला. टाटा!” वस्तीतले दोघं-तिघं हसले, पण मामा हसले नाहीत. “तेव्हापासून इथलं कोणी रस्त्यापाशी उभं राहत नाही. धूळ खायची ती खायची, वर हसं कशाला करून घ्यायचं?”

पुढची बस अर्ध्या तासाने होती. तीही गेली तर यंत्रावरची पाळी दुसऱ्याला मिळणार. त्या तशाच लंगडत रस्त्याच्या कडेला गेल्या, खांबाशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला.

“ताई, बसला वेळ आहे अजून!” मामी म्हणाल्या.

“असू दे. आपल्याला सराव नको का?”

सरावात पहिल्यांदा एक टेम्पो सापडला. करकचून ब्रेक लावून तो थांबला. “कुठे जायचंय?”

“कुठे नाही हो, तुम्ही जा.”

“मग हात कशाला केला? रिकामटेकड्या बायका!” टेम्पोवाला तणतणत निघून गेला. पाठोपाठ एक दूधवाला थांबला आणि ‘किती लिटर’ म्हणून विचारता झाला. आता मात्र वस्ती खो खो हसायला लागली. मामींनी तोंडाला पदर लावला. आणि मामा? मामाही हसले. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!” म्हणत ते हळूहळू खांबापाशी आले. “आणि ताई, हा काय हात झाला? माशा हाकलताय का? सरका जरा.”

पुलाच्या उलट्या बाजूने बस येताना दिसली. मामांचा डावा हात सुया टोचून टोचून गाठाळला होता, तो त्यांनी बाहीत तसाच जपून ठेवला. उजवा मात्र वर केला. छताचा कोपरा रंगवायचा असावा तसा, टाचा उचलून, पुरता वर. तो त्यांनी खाली येऊ दिला नाही. मामी जाऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात केला. मग भिंतीपासची माणसं एकेक करत पुढे आली. बाईंनी हात वरच ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या हातात आता दुसरं काही उरलं नव्हतं.

ब्रेकचा आवाज आला. बस थोडी पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय झालं? अपघात आहे का?”

“थांबा आहे,” मामा म्हणाले.

“इथे? कधीपासून?”

“आजपासून.”

ड्रायव्हरने खांबाकडे बघितलं, मामांच्या पायांकडे बघितलं. “बरं झालं सांगितलंत,” तो म्हणाला. “या बाबा. सावकाश चढा, घाई नाही.”

मामा चढले. मागून स्टूल काखेत मारून मामी चढल्या. बस गेली, तरी बाईंचा हात वरच होता. तो खाली आणून त्यांनी डोळे पुसले, आणि कोणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सगळेच बघत होते.

संस्थेत जाऊनही त्यांचं कामात लक्ष लागेना. जाणं झालं, पण येण्याचं काय? दुपारी त्या परत आल्या आणि समोरच्या बाजूच्या खांबापाशी उभ्या राहिल्या. दोन बसेस आल्या, थांबल्या, कोणी उतरलं नाही. तिसरीतून मामी उतरल्या. उतरल्या उतरल्या सवयीने त्यांनी स्टूल उघडून जमिनीवर मांडलं.

मागून मामा उतरले. चेहरा ओढलेला, पण श्वास मोकळा. चार किलो पाणी काढलं, असं मामी आनंदाने सांगत होत्या. मामांनी स्टुलाकडे बघितलं, समोरच्या आपल्या दाराकडे बघितलं. बाईंना मान हलवून ओळख दिली. मग स्टुलाला वळसा घालून, दोन्ही बाजू बघून ते रस्ता ओलांडून गेले, आणि कुठेही न थांबता घरात शिरले. आतून त्यांचा आवाज आला, “अगं, येतेस ना?”

मामी हसल्या. स्टूल उचलायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“ताई, गुडघा कसा आहे तुमचा?”

“बरा आहे,” बाईंच्या तोंडून गेलंच. मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. “दुखतो हो, मामी. फार दुखतो.”

“मग बसा की,” मामी म्हणाल्या. “आज रिकामंच आहे.”