स्मारकाआधीचं नाटक

आमच्या झाडीपट्टीत सार्वजनिक काम निघालं की आधी नाटक बसतं. शाळेचं छप्पर असो, देवळाचा कळस असो, की बैलांचा दवाखाना. आधी तिकीट लावून नाटक, मग काम. एकदा पुरात गेलेल्या रपट्यासाठी, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलासाठी, नाटक केलं होतं, त्यात नायकच रपट्यावरून वाहून गेला. लोक रडले, रपटा झाला. त्यामुळं एकोणऐंशी साली सरपंच आनंदरावांनी बंगाली टोलीतल्या माणसांसाठी स्मारक बांधायचं ठरवलं, तेव्हा नाटक कोणतं एवढाच प्रश्न होता. करावं की नाही, हा प्रश्न आमच्या हिरडटोल्यात कोणाला पडत नाही.

बंगाली टोली म्हणजे तलावाजवळची वीसेक घरं. ही माणसं एकाहत्तर साली पूर्व बंगालातल्या कत्तलीतून वाचून आली. सकाळी त्यांच्या गावात सैनिक शिरले आणि संध्याकाळी गाव नव्हतं. मग रायपूरकडची छावणी, मग आम्ही. एवढंच आम्हाला माहीत होतं. जास्त विचारलं की ते लोक मासा कसा तळायचा ते सांगत.

त्यातली एक पुष्पाबाई. खरं नाव पुष्पराणी मंडल, पण आम्ही तिला राणी कधी होऊ दिलं नाही. तिचा मुलगा निताई आमच्या नाटक मंडळात ढोलकी वाजवायचा. मी विनोदी नट. मी पडलो की त्याची थाप पडायची आणि लोक त्या थापेवर हसायचे. थाप नसली तर मी नुसता पडलेला माणूस. हे सांगायचं कारण, पुष्पाबाईनं जाहीर केलं होतं की दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, झाली की मुलगा, सून आणि नात घेऊन ती गाव सोडणार. टोलीतली काही घरं आधीच बंगालकडं निघून गेली होती.

"कायले जाता, बाई?" आनंदरावांनी विचारलं.

"इथं आमचं काय हाये?"

त्यावर आनंदरावांनी स्मारक काढलं. पंचायतीसमोर ओटा, ओट्यावर दगडी खांब, खांबावर वाचलेल्या सगळ्यांची नावं आणि त्याखाली त्यांच्या इथं जन्मलेल्या लेकरांची. "आपलं नाव जिथं दगडात हाये, थे गाव माणूस सोडत नाई गा," ते मला म्हणाले. मला पटलं. निताई राहत असेल तर मी त्याचं नाव पहाडावर कोरायला तयार होतो.

नाटक सोमाजीनं लिहिलं. सोमाजी शिंपी आहे. आधी नटांची मापं घेतो, मग प्रवेश लिहितो. पुष्पाबाईचं काम परसरामकडं आलं, कारण मिशी काढायला तयार असलेला गावातला तो एकटाच पुरुष. तो अभ्यासासाठी तिच्या घरी गेला. मी सोबत होतो.

"बाई, तवा तुमी कशा रडल्या? जरासं दाखवता?"

"मी नाई रडली."

"थोडंसं बी नाई?"

"आवाज बाहेर गेला असता."

परतताना परसराम म्हणाला, बाईले अभिनयाचं अंग नाही. सोमाजीनं त्या जागी त्याला तीन कडव्यांचं गाणं दिलं.

सैनिक मी. आयुष्यात एक तरी गंभीर काम करायचं म्हणून मागून घेतलं होतं. सोमाजीनं बजावलं, "गुलाब, तू हासवजो नोको."

"मी काहीच करत नाई."

"थेच करू नोको."

तालमीत मी लुंगी-बनियानवरच सैनिक होतो. बंदूक म्हणजे झाडू. खरी तयारी मंडईच्या दिवशी झाली. जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौकीदार असलेल्या माझ्या मामानं खाकी कपडे आणि बूट पाठवले. बंदूक धनीराम सुतारानं सागाची करून काळी रंगवली. देताना म्हणाला, "नाटक झालं का वापस देजो. खाटेचा पाय कराचा हाये तिचा." गोळीच्या आवाजासाठी दिवाळीतले सुतळी बॉम्ब होते.

भर दुपारी नाटक सुरू झालं. टोलीतली माणसं पाहुणे म्हणून अगदी पुढच्या सतरंजीवर बसवली होती. मधोमध पुष्पाबाई, तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात बुला. त्यांच्या मागं सगळा पंचक्रोशीतला मंडईचा लोंढा. परसराम लुगडं नेसून सुपानं धान पाखडत होता. मी बूट वाजवत आलो. मागचे लोक मी काही बोलायच्या आतच हसायला लागले. सवयच ती. मी रंगवलेल्या दाराला लाथ मारली आणि ओरडलो, "बाहर निकलो." पडद्यामागं सोमाजीनं बॉम्ब लावला. दोन फुटले.

तिथं ठरल्याप्रमाणं मी परसरामला ढकलायचं, तो पडणार आणि ढोलकीची थाप. मी ढकललं, तो पडला. थाप आली नाही. मी वळून पाहिलं तर ढोलकी आडवी पडून अजून गडगडत होती आणि निताई जागेवर नव्हता.

मग सतरंजीकडं पाहिलं. सतरंजी रिकामी होती. कडेला चपला होत्या, ओळीत, काढून ठेवल्या तशाच. एवढी माणसं उठून गेली, म्हातारी, लेकुरवाळी, आणि कोणी कोणाला "सरका" म्हटलं नाही, एक लेकरू कुरकुरलं नाही. मागचे लोक अजून हसत होते. हसता हसता एकेक थांबला.

परसराम पडल्या जागेवरून म्हणाला, "माह्या गाण्यापर्यंत तं थांबाचं होतं."

आम्हाला वाटलं, नाटक आवडलं नाही. आनंदराव समजूत घालायला टोलीकडं निघाले, मागं मंडळ, मागं निम्मी मंडई. टोलीत दारं उघडी, चुली विझवलेल्या, माणूस एक नाही. तेवढ्यात तलावावरून चंद्रभागाबाई धुणं घेऊन आली. तिला नाटकाचा काही पत्ता नव्हता.

"काहून जी आनंदराव, तुमचे पाहुणे कपड्यासकट आंघोळ करून राहिले का?"

आम्ही तलावाच्या बांधावर, पाळीवर चढलो.

कमळाच्या पानांमध्ये डोकी होती. नुसती डोकी. गळ्यापर्यंत पाणी, कोणाच्या हनुवटीपर्यंत. पुरुष कडेनं, बाया मधात, लेकरं खांद्यावर. कोणी हलत नव्हतं, पाणीसुद्धा हलत नव्हतं. कालीपद नावाचा म्हातारा एक हात दुसऱ्या हातानं धरून उभा होता. उतरताना चिखलात घसरून त्याचा हात मोडला होता, हे नंतर कळलं. तोंडातून आवाज नव्हता. बुला आजीच्या खांद्यावर होती. तिनं स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. कोणी धरून दिला नव्हता. ही पोरगी आमच्याच गावात जन्मली, आमच्याच अंगणात खेळली, माझी नक्कल करून पडून दाखवायची. हे तिला कोणी, कधी शिकवलं? एका दिवसात येणारी गोष्ट नाही ती. आम्ही शाळेच्या ओट्यावर तालमी करत होतो, तशाच तलावावर यांच्याही चालल्या असणार, वर्षानुवर्षं, आणि आम्हाला वाटायचं लेकरं पाण्यात खेळतात.

मी पुढं झालो. "अवो बाई, मी गुलाब हावो."

सगळी डोकी एकदम खाली गेली. नाकापर्यंत.

"कपडे काढ, माकडा," आनंदराव दबक्या आवाजात म्हणाले.

मग कळलं, मी बूट, खाकी आणि बंदूक घेऊन पाळीवर उभा होतो. मी सगळं काढलं. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर अख्ख्या मंडईसमोर उभा राहिलो. एरवी नुसती टोपी काढली तरी लोक लोळतात. त्या दिवशी कोणी खोकललंसुद्धा नाही.

पुष्पाबाईनं मान जराशी वर काढली. "गुलाब. बंदूक?"

"सागाची हाये, बाई. धनीरामनं केली."

"फेक."

मी पाण्यात फेकली. ती तरंगली. लाकूडच आहे, हे पुष्पाबाईनं पाहून घेतलं. मग ती बंगालीत काहीतरी बोलली, आणि माणसं एकेक करून वर आली. निताई माझ्याजवळून गेला. मी त्याला म्हणालो, "तुले तं माहीत होतं, नाटक हाये."

"मी नाई उठलो," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "पाय उठले."

दुसऱ्या दिवशी आनंदराव आणि मी तिच्या घरी माफी मागायला गेलो. अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली. आनंदरावांनी हात जोडले. "बाई, स्मारक राहू द्या. तुमी म्हणाल तिथवर गाडी देतो."

"स्मारक कायले राहू द्याचं?" पुष्पाबाई म्हणाली. "बांधा. पण पंचायतीसमोर नोको, खांबबी नोको. तलावावर पायऱ्या बांधा. पाण्यात आतपर्यंत. तिथंबी आमी पाण्यातच वाचलो. रुंद पाह्यजे, चार-पाच जण एकदम उतरले पाह्यजे. काल चिखलात काली काका पडले. दुसऱ्या वेळी असं नाई झालं पाह्यजे."

आनंदरावांना आधी समजलं नाही. मग समजलं, तसे ते खाटेवर बसले. "दुसरी वेळ? अवो, इथं तुमाले माराले कोन येते?"

"तिथंबी सैनिकाले आमचं गाव माहीत नोव्हतं. त्याहीले घरं दाखवणारा आमच्याच वळखीचा होता. रोज दही न्यायले यायचा. चांगला होता. गुलाबसारखा हासवायचा."

हे तिनं माझ्या तोंडावर सांगितलं, राग न धरता. 

"मंग तुमी जाता का राहता?" आनंदरावांनी शेवटी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आधी आमी वरडलो, पाया पडलो, पण तिथला थो दही नेणारा थांबला नाई. हा कपडे काढून उभा राह्यला." मग सुनेला हाक मारली, "गाठोडी सोड वं."

पायऱ्या पुढच्या उन्हाळ्यात झाल्या, तलाव आटल्यावर. नाटक पुरं न करता झालेलं हिरडटोल्याचं ते पहिलं काम. प्रत्येक पायरीच्या उभ्या अंगावर नावं कोरली, वाचलेल्यांची आणि त्यांच्या लेकरांची. बुलाचं नाव सगळ्यांत खाली आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातं. तालुक्याचे एक साहेब पाहायला आले आणि म्हणाले, घाट छान आहे, स्मारक कुठं आहे? आनंदराव म्हणाले, त्याच्यावरच उभे हाये तुमी, साहेब.

आता सगळं गाव तिथं धुणं धुतं. चंद्रभागाबाई एकदा कपडे आपटता आपटता म्हणाली, "बाई, तुमच्या पायऱ्या लय कामाच्या झाल्या बाप्पा."

"धुवा ना," पुष्पाबाई म्हणाली. "फक्त मधात बादली ठेवू नोका." आणि तिनं वाकून बादली उचलली, कडेला ठेवली, आणि वरच्या पायरीपासून पाण्यापर्यंत वाट मोकळी आहे की नाही ते एकदा पाहून घेतलं.