बुलबुलाचा डोळा

माझं चित्र प्रदर्शनासाठी नाकारलं गेलं, आणि ते परत घेऊन आले पांग साहेब. निवड समितीत ते स्वतःच होते. शिवाय बाबांना काढायला सांगितलेलं चित्रही आज न्यायचं होतं, म्हणजे एका फेरीत दोन कामं.

"युन्छ्याव, वाईट वाटून घेऊ नकोस हं," चहाचा घोट घेत ते म्हणाले. "मिआओ मास्तरांची नक्कल फार सुरेख जमलीय तुला. पण पोरी, बापाचाच हात दिसतो त्यात. तुझा कुठाय?"

बाबा मान डोलावत होते.

मी बेचाळीस वर्षांची आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरायला लागला, आणि तेव्हापासून मिआओ मास्तरांचं प्रत्येक फूल, प्रत्येक पाखरू मी काढते. रंग फुटू नये म्हणून रेशमावर तुरटी-सरसाचं पाणी मी फिरवते, एकेका पाकळीवर रंगाचे आठ-नऊ पातळ थर मी चढवते. ते काय करतात? नावाचा शिक्का मारतात, तोही मी मनगट धरल्यावर. सूचौ शहरात हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर बाप पडला. एक चित्र, फक्त एक, माझ्या नावानं भिंतीवर लागावं एवढंच मला हवं होतं. तर मी माझ्याच हाताची नक्कल ठरले!

"ऐकलंस ना?" बाबा म्हणाले. "मी सांगतच होतो, घाई करू नकोस."

माझं डोकंच फिरलं.

पांग साहेबांचं चित्र टेबलावर होतं. पीचच्या फांदीवर पांढऱ्या डोक्याच्या बुलबुलांची जोडी, त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी. दोघांचे केस पांढरे होईस्तोवर संसार टिकावा म्हणून हीच जोडी देतात. नराचा डोळा तेवढा राहिला होता. डोळा आम्ही शेवटीच भरतो.

मी कुंचला शाईत बुडवून बाबांपुढे धरला. "साहेब आलेच आहेत, तर त्यांच्यासमोर तुम्हीच भरा."

"वा! आमचं भाग्य!" साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"अगं, आज चष्मा नाही..."

"नाकावरच आहे तुमच्या."

बाबांनी कुंचला घेतला. हात लटलट कापायला लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रस्ता ओलांडायला घाबरलेलं पोर बघतं तसं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

थेंब पडला. बुलबुलाच्या पांढऱ्या डोक्यावर, बरोबर मधोमध.

"मास्तर," पांग साहेब हळूच म्हणाले, "हे कधीपासून?"

"अकरा वर्षं." बाबांनी कुंचला खाली ठेवला. "सगळं हिचंच आहे. तुम्ही परत आणलंत तेही, आणि तुमच्या दिवाणखान्यात टांगलंय तेही."

पांग साहेब माझ्याकडे वळून बघायला लागले. अशा नजरेनं कुणी बघावं म्हणून मी अकरा वर्षं तळमळले होते. पण मला त्यांच्याकडे बघवेना. तीन महिने खपून काढलेला तो बुलबुल बाबांचा नव्हता, माझा होता, आणि बापाला उघडं पाडायच्या नादात मीच त्याचं तोंड काळं केलं होतं.