तीनशे चारमधलं एक्स्ट्रा

मी एक जुनी गादी आहे. मित्रांनो, गादी म्हटल्यावर लगेच सिंहासन डोळ्यांपुढे आणू नका. गादीसाठी भाऊ भाऊ भांडतात, गादीला वारस लागतो, गादी एकदा मिळाली की सोडवत नाही, हे सगळं मीही ऐकून आहे. माझ्यावरूनही भाऊ भाऊ भांडले. फक्त त्या भांडणात जिंकणारा गादीवर बसत नव्हता. हरणाराही बसत नव्हता. बसला होता त्यांचा बाप. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म एका गादीवाल्याच्या दुकानात झाला. त्या दिवशी एका हॉटेलासाठी बऱ्याच गाद्या शिवल्या जात होत्या. माझी वेळ आली तेव्हा कापड संपत आलं होतं. गादीवाल्याने उरलेला तुकडा हातभर ताणून पाहिला, सुस्कारा टाकला आणि मला अरुंद शिवलं. माझ्या बहिणी पलंगांवर गेल्या. मी कोणत्याच पलंगावर बसेना, म्हणून मी 'एक्स्ट्रा' झाले. माणसांचंही असंच होत असावं. कापड कुणीतरी दुसऱ्याने कापलेलं असतं.

आमचं हॉटेल चार मजली, समुद्राकाठच्या शहरातलं. दारावर मोठी पाटी आहे : 'समुद्रदर्शन'. समुद्र आहेच, पण दोन इमारती आणि एक पेट्रोल पंप ओलांडून. लिफ्टवरही एक पाटी आहे : 'दुरुस्तीचे काम चालू आहे'. ती पाटी रंग उडाला की नवी करतात. लिफ्ट तीच आहे.

काउंटरवर जे साहेब बसतात त्यांना सगळे मागून 'चालेलसाहेब' म्हणतात. गिऱ्हाईक म्हणालं नळाला पाणी नाही, तर साहेब म्हणायचे, "संध्याकाळपर्यंत येईल, चालेल ना?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणायचे, "चालेल." तिसऱ्या मजल्याची झाडलोट करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात आणि सामान उचलणाऱ्या माणसाला मामा. इतकी नाती असूनही हॉटेलात कुणी कुणाचं लागत नाही.

आता या हॉटेलची भाषा सांगते, कारण गोष्ट सगळी तिथेच अडली आहे. खोली दोघांची असते. तिसरा माणूस आला की तो 'एक्स्ट्रा'. त्याच्यासाठी जमिनीवर घालायची गादी, म्हणजे मी, तीही 'एक्स्ट्रा'. त्याचा टॉवेलही एक्स्ट्रा. "तीनशे दोनचा एक्स्ट्रा चहा मागतोय" म्हणजे माणूस. "तीनशे दोनचं एक्स्ट्रा उन्हात टाक" म्हणजे मी. इतकी वर्षं यात कुणाचा घोटाळा झाला नाही. नाही म्हणायला, एकदा मामांनी उन्हात टाकायला एका पाहुण्याला उठवलं होतं. पण तो बिचारा गेलाही होता उन्हात, तक्रार न करता. एक्स्ट्रा माणसं तक्रार करत नाहीत.

माझे चांगले दिवसही होते, नाही कसं म्हणू? परीक्षेला आलेली एक मुलगी माझ्यावर झोपली आणि सकाळी म्हणाली, "पलंगापेक्षा गादीच बरी." ते वाक्य मी बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरलं. बाकी माझ्यावर कोण झोपतं, त्यावरून मी त्या घराची कुंडली मांडू शकते. मूल झोपलं तर घर लाडाचं. बाप झोपला तर घर मुलांचं. आणि बापाचा बाप झोपला, तर घर कुणाचं ते विचारायचं कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी दोन भाऊ आले. दोन गाड्या, दोन सुना आणि एक बाबा. थोरल्याने तीनशे तीन घेतली, धाकट्याने तीनशे चार. बाबांचे गुडघे गेलेले होते. मामांनी आणि थोरल्याने त्यांना दोन्हीकडून धरून तीन मजले चढवलं, आणि वर पोचल्यावर बाबा म्हणाले, "आता परत जातानाच उतरेन रे. दोनदा जमायचं नाही."

"समुद्र बघायचा ना बाबा?" थोरला म्हणाला.

"त्यासाठीच आलोय. जाताना दाखवा. गाडी काठाशी थांबवली की झालं."

एवढंच त्यांना हवं होतं, मित्रांनो. जाताना, गाडीच्या काचेतून.

दोन मुक्काम होते. भावांनी पाळी लावली. पहिल्या दिवशी बाबा थोरल्याकडे, दुसऱ्या दिवशी धाकट्याकडे. बाबांबरोबर मीही या खोलीतून त्या खोलीत गेले. मला गुंडाळून नेलं, त्यांना धरून नेलं, एवढाच फरक.

घरचे फिरायला गेले की बाबा माझ्यावर बसून मावशींशी बोलत. ते बसचे कंडक्टर होते. मावशी केर काढत म्हणाल्या, "बाबा, इतकी माणसं तुम्ही मोजायचात कशी?"

"मागच्या सीटपासून," बाबा म्हणाले. "पुढचे काय, आपोआप दिसतात. ड्रायव्हरच्या कानाशी बडबडतच असतात. मागं कोपऱ्यात झोपलेलाच राहतो. मागून मोजल्याशिवाय कधी डबल बेल दिली नाही बघ बाई. तीस वर्षांत एक माणूस मागे सोडला नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्यावर बसून राहिले. जमिनीवरून उठणं हे त्यांचं दिवसातलं सगळ्यात मोठं काम. ते त्यांनी समुद्रासाठी राखून ठेवलं होतं. मावशींनी विचारलं, "उठवून खुर्चीत बसवू का?" तर म्हणाले, "नको. पोरं आली की उठवतीलच. एकाच उठण्यात भागवू."

धाकट्याच्या हिशेबाने त्याची पाळी सकाळी संपली होती. आता प्रवासाला बाबा दादाकडे. थोरल्याच्या हिशेबाने बाबा धाकट्याच्या खोलीत होते, म्हणजे धाकट्याच्याच गाडीत येणार. दोघांचेही हिशेब बरोबर होते. चुकीचं कुणीच नव्हतं, म्हणून तर इतकी मोठी चूक झाली.

मावशींनी भिंतीवरचा फोन उचलून खाली सांगितलं, "साहेब, तीनशे चारचं सामान गेलं. एक्स्ट्रा आहे अजून वर."

"राहू दे वर," साहेब म्हणाले. "दुपारी येणाऱ्या पार्टीलाही एक्स्ट्रा लागणारच आहे. चालेल."

मावशींना वाटलं, मुलांनीच सांगितलं असेल, गाडी दारात लागेपर्यंत वर राहू दे. दुपारच्या पार्टीचं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही, कारण तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून बोंब आली की तिथलं बाथरूम तुंबलंय. "येतील हं बाबा," म्हणाल्या आणि बादली घेऊन धावल्या.

खाली काय झालं ते मला मामांकडून नंतर कळलं. धाकट्याने काउंटरवर विचारलं, "आमचं वर काही राहिलं नाही ना?"

"काही नाही. एक्स्ट्रा आहे तेवढं."

"ते तुमचंच, ठेवा तुम्हाला," धाकटा म्हणाला, आणि दोघेही हसले.

खिडकीखाली एका गाडीची दारं लागली. मग दुसऱ्या गाडीची. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. आवाज कोपऱ्यापर्यंत गेला, वळला आणि संपला. बाबा हळूच म्हणाले, "डबल बेल."

त्यांनी हाका मारल्या नाहीत. पहिला तासभर ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या तासाला त्यांनी ती खाली ठेवली. मोबाईल धाकट्याच्या चार्जरबरोबर गेलेला. पलंगाची कड धरून त्यांनी दोनदा उठून पाहिलं. दोन्ही वेळा परत माझ्यावरच आले.

दुपारी भिंतीवरचा फोन वाजला. तिकडे भाऊ जेवायला एका ठिकाणी थांबले होते आणि दोघांनीही एकमेकांच्या गाडीत डोकावून पाहिलं होतं. घाबरून त्यांनी हॉटेलात फोन केला, आणि साहेबांनी खरोखर खोलीत फोन लावून पाहिला. अकरा वेळा वाजला. बाबांचा हात आणि फोन यांच्यात एका खुर्चीएवढं अंतर होतं. अकराव्या वेळेपर्यंत ते हात लांबवत राहिले. साहेबांनी भावांना कळवलं, "खोली रिकामी आहे. एक्स्ट्रा सोडून काही नाही."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की म्हातारा समुद्र समुद्र करत होता. गाड्या उलट्या फिरल्या. दोन मुलं, दोन सुना आणि मामा, सगळा गोतावळा काठावर वाळू तुडवत बापाला शोधत राहिला. त्यांनी इतका समुद्र पाहिला म्हणता! मावशींना मात्र कुणी काही विचारलं नाही. बादली घेतलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

इकडे बाबांना बराच वेळ लघवीला जायचं होतं. एका माणसाने किती धरायचं, यालाही मर्यादा असते. मी गादी आहे. माझ्या पोटात जे गेलं ते मी कुणाला सांगितलं नसतं. पण त्यांनी पिशवीतून घडीचा रुमाल काढला आणि मला पुसत राहिले. माफी मागितल्यासारखं पुसत राहिले.

साडेचारला दुपारची पार्टी आली. मामा काठावरून परतले होते, मुलंही हात हलवत खाली काउंटरपाशी येऊन बसली होती. तिघांचं सामान घेऊन ते वर आले आणि त्यांनी दार उघडलं. पार्टीतला गृहस्थ मामांच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला, "हे कोण?"

बाबांनी रुमाल पाठीमागे लपवला आणि म्हणाले, "मी एक्स्ट्रा."

मामांनी सामान तिथेच टाकलं आणि कठड्यावरून खाली ओरडले, "सापडले! इथंच आहेत!" मग ते धावत खाली गेले, पार्टी त्यांच्यामागे. जिन्यावर पावलं वाजू लागली. पहिला मजला. दुसरा मजला. मुलं येत होती, आणि गादी ओली होती. मुलांनी ते पाहू नये एवढ्यासाठी, समुद्रासाठी राखून ठेवलेलं ते एक उठणं बाबांनी तेव्हा वापरलं. ते उठलेसुद्धा, मित्रांनो. पुरते उभे राहिले. मग गुडघा वळला आणि ते पलंगाच्या कोपऱ्यावर पडून माझ्यावर आले. मी मऊ आहे हे खरं, पण पलंगाचा कोपरा माझ्या आधी लागतो. मांडीचं हाड वाजलेलं मी ऐकलं.

मुलं दारात आली. पहिलं वाक्य थोरल्याचं होतं, "आजची पाळी तुझी होती."

"माझी सकाळी संपली!" धाकटा म्हणाला. "दोन दिवस, दोन पाळ्या. प्रवास तुझ्याकडे!"

"असं कुठं ठरलं होतं?"

"मग कसं ठरलं होतं?"

बाबा माझ्यावर आडवे, पांढरेफटक, आणि वरती हा खुलासा चाललेला. तेवढ्यात मावशी आल्या, हातात अजून तुंबलेल्या बाथरूमची काठी. त्या कधी पाहुण्यांपुढे आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी ओरडल्या, "पाळी मागनं बघा रे! आधी कोपरे धरा!"

जिना अरुंद, लिफ्टची दुरुस्ती चालू. बाबांना माझ्यावरच ठेवून खाली न्यायचं ठरलं. दोन कोपरे मुलांनी धरले, एक मामांनी, एक साहेबांनी. तीन दिवसांत दोन्ही मुलांनी बापाला एकाच वेळी धरल्याचं मी प्रथमच पाहिलं. मावशी पुढे चालत होत्या, "जपून, वळण आहे," म्हणत. दारात रुग्णवाहिका होती. आम्ही समुद्राच्या रस्त्यानेच गेलो. समुद्र खिडकीबाहेर होता. बाबा उताणे होते. त्यांना गाडीचं छत दिसत होतं.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि मला व्हरांड्यात ठेवलं. नवव्या दिवशी मावशी त्यांना भेटायला आल्या. दारातल्या आयाबाईंनी सांगितलं, "सकाळीच गेले."

मावशींनी विचारलं, "मुलं होती का जवळ?"

"एक होता. दुसऱ्याची पाळी दुपारनंतर होती."

मावशी माझ्यावर बसल्या. बावीस वर्षं त्यांनी मला घातलं, उचललं, झटकलं. पण पाहुण्यांच्या गादीवर बसायची त्यांना मुभा नव्हती. त्या दहा मिनिटं बसल्या. मग मला गुंडाळून डोक्यावर घेऊन परत आल्या. साहेबांनी माझ्यावरचा डाग पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "हे चालणार नाही."

हॉटेलने मात्र धडा घेतला. काउंटरमागे सूचना लागली : 'यापुढे एक्स्ट्रा हा शब्द वापरू नये. जादा असे म्हणावे.'

मी आता गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पडलेली आहे. माझी शिवण उसवली आहे. कावळे येतात आणि घरट्यासाठी कापूस ओढून नेतात. मावशी कपडे वाळत घालायला आल्या की मला पायाने नाही, हाताने बाजूला करतात. आणि मित्रांनो, इथून समुद्र दिसतो. खरंच दिसतो, दोन इमारतींच्या फटीतून, निळा. पाटी अगदीच खोटी नव्हती. बघणाऱ्याला वर कुणी आणलं नाही, इतकंच.

माझ्यासाठी काही मागत नाही. माझा कापूस घरट्यात चालला आहे, बरं चाललं आहे. पण तुम्ही कुठूनही निघताना पिशव्या मोजता, चार्जर मोजता, तशी एकदा माणसंही मोजा. पुढचे आपोआप दिसतात. मागच्या सीटपासून मोजा. आणि सीटच नसेल, तर जमिनीपासून.