उलटी बसवलेली सुई

दुपारचं जेवण उरकून मिस्त्रीने दुकानाचं शटर वर केलं, तोच फोन वाजला. पलीकडे विहीणबाई होत्या.

“व्याही, तुमचं मशीन परत रुसलं. धागा तुटतोय. या जरा.”

शिलाईची मशीनं दुरुस्त करणाऱ्याला असे फोन रोजचेच. पण या फोनाने त्याचं तोंड उजळलं. हत्यारांची पिशवी काखेत मारून तो तरातरा निघाला.

त्याची लेक पुलापलीकडच्याच वस्तीत दिली होती. लग्नात त्याने तिला भरतकामाचं मशीन दिलं. त्या घरचे सुनेला माहेरी पाठवत नव्हते, आणि लेकीच्या सासरी बापाने कामाशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही मिस्त्रीच्या घराण्याची रीत. बाप एकीकडून बांधलेला, लेक दुसरीकडून. धागा तुटला तरच दार उघडायचं.

विहीणबाई भाजी निवडत मशीनसमोरच बसल्या होत्या.

“मशीन दिलंत आणि मुलगी दिलीत, दोन्हींची गॅरंटी संपली वाटतं,” त्या हसत म्हणाल्या. तोही हसला. मुलीच्या बापाला हसावंच लागतं.

त्याची लेक साळू मशीनपाशी उभी होती. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर बिल्ला भरायचं काम चाललेलं. अर्ध्या भरलेल्या फुलाखाली दोऱ्याचा गुंता झाला होता.

“कुठला तुटतो?”

“वरचा. सुईपाशी.”

“कधीपासून?”

“सकाळपासून, बाबा.”

ती वाकली तेव्हा मानेवरचा पिवळट पडलेला वळ दिसला. त्याने नजर मशीनवर आणली. सुई उलटी बसवली होती.

खुर्चीवर बसल्यावर जिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्या वयात ही पोर डोळे मिटून सुई बसवायची. सपाट बाजू मागे, खाच पुढे. तिची सुई चुकायची नाही. मागच्या खेपेला दोरा वरखाली होणाऱ्या दांड्यात ओवलेलाच नव्हता. त्याआधी खालच्या दोऱ्याची बॉबिन उफराटी. पहिल्याच खेपेला त्याला उमगलं होतं की पोर आपल्याला बोलावते आहे. तेव्हापासून तो नको ते स्क्रू उघडायचा, नको तिथं तेल घालायचा. तेवढा वेळ लेक शेजारी उभी राहायची. तिच्या अंगाला साबणाचा वास यायचा, लहानपणी यायचा तसाच.

आज त्याने सुई सरळ केली, चाक हाताने फिरवलं, तरी दोरा कातरला. सुईखालची पट्टी काढून, सुई जिथून खाली जाते त्या भोकावर बोट फिरवलं. कड खरवडलेली होती, कशाने तरी ठोकून ठोकून. असल्या धारेवर कुठलाच दोरा टिकत नाही. त्याने वर पाहिलं.

“आज इथं नीट होणार नाही ना, बाबा?” साळू हळूच म्हणाली.

म्हणजे आज तिला नुसतं भेटायचं नव्हतं. निघायचं होतं.

त्याने पट्टी खाली ठेवली. “विहीणबाई, हे दुकानात न्यावं लागेल. घासायचं, चालवून बघायचं. चालवणारीचा हात लागतो. साळूलाही चार दिवस नेतो म्हणतो.”

“मशीन न्या की. हात तर तुम्हालाही आहेत, तुम्हीच शिकवलंत ना तिला?” विहीणबाईंनी शेंगेची शीर ओढली. “झालं की फोन करा. मुलगा येऊन नेईल. आणि पुढं बिघडलं तर तोच दुकानात आणून टाकेल. तुम्हाला उगाच हेलपाटा कशाला?”

आपण काय करून बसलो, ते त्याला तेव्हा कळलं. दाराची कडी त्याने स्वतःच्याच हाताने लावली होती. मशीन राहू दे, मी मुलगी नेतो, हे शब्द गळ्यापर्यंत आले. मग त्याला नातलगांची तोंडं दिसली, माहेरी बसलेल्या लेकीच्या चर्चा ऐकू आल्या, आणि शब्द आले तसे उतरले.

साळूने प्लग काढला, वायर गुंडाळली, मशीनवर फडकं बांधलं. “जड आहे. सांभाळून न्या,” म्हणाली. एवढंच.

जिन्यात शेजारीण दार किलकिलं करून उभी होती. “काका, पोरीला घेऊन जा हो. भिंतीतून सगळं ऐकू येतं आम्हाला.” ती कुजबुजली आणि तिने दार लावून घेतलं. मिस्त्री दोन पायऱ्या वर चढला. थांबला. मग उतरला.

घरी बायकोने आधी त्याच्या मागे रस्त्यावर पाहिलं, मग त्याच्याकडे. “एकटेच आलात?”

त्याने सगळं सांगितलं, वळाचंही.

“म्हणजे लोखंड तेवढं उचलून आणलंत.”

“काय कारण सांगून आणायची तिला? उद्या काहीतरी काढतो शोधून.”

“लेक आहे आपली. एवढं कारण पुरत नाही?”

धागा का तुटतो, याची दहा कारणं त्याला तोंडपाठ होती. लेक आहे, हे एक कारण मात्र पुरलं नव्हतं. त्याला नाही, दार लावून घेणाऱ्या शेजारणीला नाही, आणि आपल्याला तरी पुरतं का? बायको पुलापलीकडे जायला चपला शोधत होती. तो मशीनवरच्या फडक्याची गाठ सोडवत बसला. पोरीने ती घट्ट मारली होती.