तळ्याखालचे तीन ठोके

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत, तर सोनेरी मासा म्हणणार नाही. पाठ पांढुरकी झाली आहे, शेपटीची कड झिजली आहे, डाव्या डोळ्यावर पडदा आला आहे. आमच्या जातीत सोने म्हातारपणी उतरते. मला एकोणीस वर्षे झाली. एवढ्या वयाचा मासा सहसा गोष्ट सांगायला उरत नाही. मी उरलो, म्हणून ही गोष्ट मलाच सांगायला हवी.

माझे नाव बुधवार. ते मला रग्नाने दिले.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या एका मासेवाल्याच्या काचघरात झाला. जन्मलो तेव्हा मी चिखलाच्या रंगाचा होतो. सोने नंतर चढले. आम्ही शेकडो भावंडे एका टाकीत फिरत होतो आणि जग तेवढेच आहे अशी आमची समजूत होती. मग एक दिवस जाळे आले, आणि आम्हा पाचजणांना एका पिशवीत भरून मोगन्सच्या हाती दिले.

मोगन्स चौतीस वर्षे बोटीवर होता. या बेटावरून त्या बेटावर माणसे आणि गाड्या पोचवायच्या, हेच त्याचे काम. निवृत्त झाला आणि त्याला पाण्यावाचून करमेना. खिडकीशी उभा राहून उसासे टाकू लागला. त्याची बायको रग्ना वैतागली.

"एवढं पाणी हवंय तर भांडी घास ना."

"मी परसात तळं करतो," मोगन्स म्हणाला. "छोटंसं. मासे सोडू."

"कर बाबा. पण माझ्या बटाट्यांच्या वाफ्याला हात लावलास तर याद राख."

हे सगळे मी येण्याआधीचे आहे. पण तळ्याकाठी बसणारी माणसे त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. त्यामुळे मला ते पाठ आहे.

मोगन्सने जागा विचारपूर्वक निवडली. झाडाखाली नको, पाने पडून पाणी कुजते. भर उन्हातही नको, शेवाळ माजते. परसाच्या मधोमध एक गोल तुकडा होता. तिथे गवत कधी उंच वाढत नसे आणि हिवाळ्यात तिथला बर्फ सर्वांत आधी वितळे. मोगन्सला वाटले, ही तर देवाने आखून दिलेली जागा. त्याने पाण्याची नळी जमिनीवर गोल टाकून आकार ठरवला आणि फावडे उचलले.

त्याच वेळी कुंपणापलीकडून हाक आली.

"तिथे खणू नकोस, पोरा. तिथे सिग्ने आहे."

ती शेजारची थीरामावशी होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिचा जन्म या मोगन्सच्याच घरातला. लग्न होऊन ती फक्त कुंपण ओलांडून गेली आणि तिथेच म्हातारी झाली. अलीकडे तिची आठवण विरत चालली होती.

"कोण सिग्ने, मावशी?" मोगन्सने विचारले.

थीरामावशी स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली आणि मग घरात गेली.

"त्यांचं आता असंच," रग्ना हळूच म्हणाली. "परवा मला पोस्टमन समजून पत्र मागत होत्या."

मोगन्स खणत गेला. माती इतकी मऊ होती, की लोण्यात सुरी जावी तसे फावडे आत जाई. कंबरेइतके खोल खणूनही त्याची पाठ दुखली नाही. त्याचे त्याला नवल वाटले नाही, आनंद वाटला. कडेने वनस्पती ठेवायला त्याने रुंद पायरी ठेवली. तळाशी वाळू पसरली, वाळूवर जुन्या गालिच्याचे तुकडे, त्यावर जाड काळे रबर. मग नळीचे पाणी सोडून तीन आठवडे नुसते ठेवले, म्हणजे पाणी स्थिरावते आणि माशांना बाधत नाही. मधोमध टोपलीत कमळ बसवले. आणि मग आम्ही आलो.

रग्ना कात्री घेऊन पिशवी कापायलाच निघाली होती.

"थांब थांब!" मोगन्स ओरडला. "पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू दे. एकदम थंड पाण्यात उडी मारायला सांगितली, तर तू मारशील का?"

"मी जानेवारीत बंदरात पोहते. तू मारशील का ते बोल."

अर्ध्या तासाने पिशवी उघडली. केवढे ते आकाश! रग्नाने आम्हाला सोमवार ते शुक्रवार अशी नावे ठेवली. शुक्रवार सर्वांत लहान, गाजरासारखी लालभडक, आणि कोणाच्याही हाती न लागणारी. त्या उन्हाळ्यात आमचे फार कौतुक झाले. लोक कॉफीचे कप घेऊन काठावर बसत, राय ब्रेडचे तुकडे टाकत. मोगन्स त्यांना दटावी, "एवढं नको! दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यायचं."

मला वाटले, आयुष्य असेच जाणार.

मग एका दुपारी, लख्ख उन्हात, मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

मित्रांनो, आम्हाला तुमच्यासारखे बाहेरचे कान नाहीत. आमच्या कुशीवर एक रेघ असते, तिला पाण्याची बारीकशी थरथरही कळते. ती थरथर काठावरून आली नव्हती. ती खालून आली होती. रबराच्या खालून, वाळूच्या खालून.

ठक. ठक. ठक.

आणि मग इतकी शांतता, की कमळाचे पान हलले तरी कळावे.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. त्याच वेळी, तीनच ठोके. आम्ही पाचही जण उत्तरेच्या पायरीवर जाऊन एकमेकांना चिकटून राहिलो. त्या दिवसापासून तळ्याचा मध्यभाग आम्ही सोडला. एक शुक्रवार तेवढी कमळाखाली जाई. ती लहान होती. तिला भीती कळत नव्हती.

रग्नाच्या ते लक्षात आले. "यांनी मधलं पाणी वाळीत टाकलंय बघ."

"बगळा येत असेल," मोगन्स म्हणाला आणि त्याने काठाभोवती दोऱ्या बांधल्या.

पण पाणीही घटू लागले. दर आठवड्याला दोन बोटे. मोगन्सने सगळी कड तपासली. कुठे भोक नव्हते, कुठे ओल नव्हती. तो पाणी भरी, ते पुन्हा उतरे. कमळाची टोपली एका अंगाला कलली. रोज थोडी थोडी ती खाली जात होती. मध्यभागी तळ कोणी हळूच ओढून घेत असावे, तसा तो खचत होता.

थीरामावशी आता रोज दुपारी कुंपणाच्या फटीतून यायची. काठावरच्या खुर्चीवर बसून पाण्यावर तळहात टेकवायची. मावशीला शेजारी वाजणारा फोनही ऐकू येत नसे. पण तो आवाज आला, की तिचे ओठ हलत.

"एक. दोन. तीन."

मग ती हात काढून घेई आणि म्हणे, "अजून जागी आहे."

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा रग्नाच्या हातातली बशी गवतावर पडली. "मावशी, कोण जागी आहे?"

"शू," थीरामावशी म्हणाली. "आई रागावेल."

आई जाऊन पन्नास वर्षे झाली होती.

हिवाळा आला. तळ्यावर बर्फ धरला. बर्फावर कधी घाव घालायचा नसतो, त्या हादऱ्याने मासे मरतात. मोगन्स गरम पाण्याचे भांडे बर्फावर ठेवून एक भोक करी, म्हणजे आम्हाला हवा मिळे. पण त्या वर्षी बर्फाखालचे पाणीही उतरले. वर बर्फाचे छत, खाली काळे पाणी, मध्ये वीतभर पोकळी. त्या पोकळीत ठोके घुमत. जणू आवाज खालून आणि वरून दोन्हीकडून येत होता.

थंडीत माशाने तळाशी जायचे असते. तिथे ऊब असते. पण आमचा सर्वांत खोल तळ बरोबर त्या आवाजावर होता. आम्ही पायरीवरच राहिलो. फेब्रुवारीत सोमवार गारठून गेला. शेवटपर्यंत तो त्या उबेकडे पाहत होता, पण तिकडे सरकला नाही.

बर्फ वितळल्यावर मोगन्सने ठरवले, की आता गळती शोधायचीच. एप्रिलमधली ती स्वच्छ सकाळ होती. त्याने आम्हाला जाळ्याने बादलीत काढले. शुक्रवार काही केल्या सापडेना. कमळाखाली दडून बसली. मोगन्सने अर्धे पाणी उपसले, मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवले आणि एक पाय पायरीवर ठेवला.

तेवढ्यात थीरामावशी आली. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. ती चालत नव्हती, धावत होती. तिने दोन्ही हातांनी मोगन्सची बाही धरली.

"उतरायचं नाही."

"मावशी, गार वारा सुटलाय, घरी जा बघू."

"उतरायचं नाही म्हणते ना!"

"अहो, गुडघाभर पाणी आहे. बुडतोय का मी?"

"तीही हेच म्हणाली होती," थीरामावशी म्हणाली.

बादलीतून मला तिचा चेहरा दिसत होता. तो अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईचा नव्हता. एखाद्या घाबरलेल्या लहान मुलीचा होता.

मोगन्स आता चिडला. "सोडा हो! रग्ना, यांना घेऊन जा जरा!" त्याने हिसका दिला. बाहीची शिवण उसवली. मावशीची बोटे सुटली नाहीत.

आणि तळे गेले.

आधी काही आवाज झालाच नाही. कमळाची टोपली वाकली, काळे रबर आत ओढले गेले, पाणी एकदा गरकन फिरले आणि दिसेनासे झाले. मग कितीतरी वेळाने, खूप खालून, धप्प असा आवाज आला. पायरीही ढासळली. मोगन्सचा पाय अधांतरी लटकला. तो पालथा पडला, मावशी त्याच्या बाहीसकट खाली बसली, आणि रग्नाने धावत येऊन त्याचा पट्टा धरून मागे खेचले. तिघे गवतावर धापा टाकत पडले. जिथे तळे होते तिथे दगडांनी बांधलेले एक गोल, काळे तोंड उघडले होते.

ती विहीर होती.

दुसऱ्या दिवशी मोजमाप घेणारा माणूस आला. विहीर अकरा मीटर खोल निघाली. कोणीतरी तिच्यावर ओकच्या तुळया टाकून वर माती लोटली होती. तुळया कुजल्या होत्या, त्यांचे तुकडे आणि दगड सुटून खालच्या पाण्यात पडत होते. आवाज त्याचाच, असे तो म्हणाला.

"पण दर वेळी तीनच?" रग्नाने विचारले. "आणि रोज दुपारीच?"

त्याने आपली फीत गुंडाळली. "बाई, खोली विचारा, सांगतो. हे माझ्या फितीत येत नाही."

त्या दुपारी थीरामावशी स्वयंपाकघरात बसून बोलली. आमची बादली तिथेच दाराशी होती. तिची वाणी इतकी स्पष्ट मी कधी ऐकली नव्हती.

"मी सात वर्षांची, सिग्ने नऊची. दुष्काळ पडला होता. माझ्या हातून बादली विहिरीत पडली. आई मारेल म्हणून मी रडायला लागले. सिग्ने म्हणाली, गुडघाभर तर पाणी आहे, मी काढते. मी तिची बाही धरली होती. ती म्हणाली, सोड गं, भित्री कुठली. आणि मी सोडली."

रग्नाने कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला.

"दगड निसटला. ती खाली गेली. मग आतून ठोकत होती. तीनदा. थांबायची, पुन्हा तीनदा. बाबा शेतावर होते. मी त्यांना आणायला गेले, तोवर..." मावशीने कपाची कड चाचपली. "तिला काढलं, चर्चमागे पुरलं. बाबांनी आठवड्यात विहीर झाकली. आई म्हणाली, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मी घेतलं नाही."

मोगन्सने आपली उसवलेली बाही पाहिली. तो तिच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात हातात धरून राहिला. "तुम्ही या वेळी सोडली नाहीत, मावशी," एवढेच तो म्हणाला.

विहीर बुजवायला तीन आठवड्यांनी गाडीभर दगड आले. टाकण्याआधी माणसांनी आत दिवा सोडला. खाली पाण्यात काहीतरी हलले. मोगन्सने दोरीने बादली सोडली आणि वर ओढली. तिच्यात शुक्रवार होती. जिवंत! पण तिचा लाल रंग अंधाराने पिऊन टाकला होता. ती दुधासारखी पांढरी झाली होती.

थीरामावशीने बादलीत वाकून पाहिले. "दमली असशील," ती म्हणाली.

मग ती विहिरीच्या काठाशी आली. रग्नाने तिला मागून घट्ट धरले. मावशीने आत तोंड करून हाक मारली, "सिग्ने!" एवढ्या म्हाताऱ्या गळ्यातून एवढा मोठा आवाज येईल असे कोणाला वाटले नव्हते. विहिरीने ते नाव परत दिले. ते बारीक, कोवळे होऊन आले. मावशी मान डोलावून बाजूला झाली. "आता टाका दगड."

आमचे नवे तळे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बटाट्यांचा वाफा मोडून झाले. जागा रग्नानेच दाखवली. खणण्यापूर्वी मोगन्सने लांब सळईने हातभर अंतरावर जमीन टोचून पाहिली. मावशी त्यानंतर दोन उन्हाळे आमच्या काठावर बसली, आणि सिग्नेच्या खोड्या सांगून हसवत राहिली. मग तीही गेली. शुक्रवारचा रंग काही परत आला नाही. ती अजून माझ्या शेजारी पोहते, पण ढग आले की पार वर येऊन राहते. का, ते मी तिला विचारत नाही.

मित्रांनो, तुम्हीही परसात तळे जरूर करा. मासे थोडेच सोडा, खायला थोडेच घाला, हिवाळ्यात बर्फावर घाव घालू नका. पण त्याहीआधी एक करा. शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'इथे पूर्वी काय होते?' उत्तर विचित्र वाटले, तर हसू नका. फावडे खाली ठेवा आणि ते पुरते ऐका. ते ओठांवर यायला कदाचित एक्याऐंशी वर्षे लागली असतील.