बावन्न पानांचा चिमटा

मित्रांनो, चिमटा म्हटलं की तुम्हाला दोरीवरच्या कपड्यांचा आठवेल, नाहीतर वर्गात शेजाऱ्यानं काढलेला. मी त्या दोघांतला नाही. मी कागदाचा चिमटा आहे. अंगानं पोलादी, रंगानं काळा, एका कानावरचा रंग उडालेला आणि आता चांगलाच जुना. आम्हा कागदाच्या चिमट्यांना बोलायची संधी फारशी मिळत नाही, कारण आमच्या तोंडात कायम काहीतरी असतं. आज सकाळी घरातली साखर संपली, मी धरलेली तिची पिशवी रिकामी झाली आणि माझं तोंड मोकळं झालं. या घरच्या आत्या नवी साखर आणायला गेल्या आहेत. त्या परत येईपर्यंत सांगायचं ते सांगून घेतो. मनात बरंच साचलं आहे, आणि खरं सांगायचं तर मी वैतागलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची पट्टी कापली, यंत्रानं वाकवली, भट्टीत लाल करून तेलात बुडवली, तेव्हा माझ्या अंगात ताठा आला. मग काळा रंग लागला आणि शेवटी तारेचे दोन कान बसले. तिथला तपासनीस दर डब्यातला एक चिमटा उचलायचा आणि स्वतःच्या करंगळीला लावून बघायचा. आमच्या डब्यातून त्यानं नेमका मला उचललं. तो "आई गं!" म्हणून ओरडला आणि डबा पास झाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

पुढे मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, तक्रारींच्या टेबलावर नोकरीला लागलो. त्या टेबलावर बसायची ताई. सगळं कार्यालय तिला ताई म्हणायचं, म्हणून मीही म्हणतो. लोक नळाला पाणी नाही म्हणून अर्ज करायचे आणि ताई उत्तर लिहायची, 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' याचा अर्थ पुढे काहीही होणार नाही, हे ताईला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. पण तिची भाषा अशी की साहेब म्हणायचे, "ताई, तुमचं पत्र वाचलं की माणसाला नळाला पाणी आल्यासारखंच वाटतं!"

मग कार्यालयात संगणक आले आणि जुने अर्ज रद्दीत निघाले. ताईनं त्यातले पाठकोरे कागद मागून घेतले. गठ्ठ्याला मी लागलेलो होतो, म्हणून मीही तिच्या घरी आलो. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात ताई आणि तिची आत्या, दोघीच. ताई पहाटे साडेपाचला उठायची आणि कार्यालयाची वेळ होईपर्यंत जेवणाच्या टेबलावर बसून त्या पाठकोऱ्या कागदांवर कादंबरी लिहायची. एका बाजूला कुणाचा तरी फुटलेला नळ आणि दुसऱ्या बाजूला तिची गोष्ट.

गोष्ट होती पाण्याचे मीटर वाचत फिरणाऱ्या एका बाईची. ही मीटरवाली एका अनोळखी घरात शिरते आणि तिथली म्हातारी तिला आपली वीस वर्षांपूर्वी निघून गेलेली मुलगी समजते. मीटरवाली खरं सांगणार असते, पण तेवढ्यात पुढ्यात गरम जेवणाचं ताट येतं आणि ती खाली बसते. मग ती रोजच येऊ लागते. त्या घरात एक खोली कायम बंद असते. बावन्नाव्या पानाच्या शेवटी मीटरवाली त्या खोलीच्या कडीला हात लावते.

मित्रांनो, ती बावन्न पानं मला तोंडपाठ आहेत. का, ते ऐका.

एवढी पानं झाली तेव्हा ताईनं ठरवलं, आता एजंट शोधायचा. आत्यांनी विचारलं, "एजंट? कसला गं?"

"लेखकांचा. आपली कादंबरी तो वाचतो आणि प्रकाशकांकडे नेतो. आपण थेट गेलो तर कुणी दारातसुद्धा उभं करत नाही."

"म्हणजे भाड्याची जागा दाखवणाऱ्यासारखा."

"तसंच समज."

सगळ्या एजंटांची एकच मागणी असायची. पहिली पन्नासेक पानं पाठवा. ताई ती टाइप करून ई-मेलनं पाठवायची. दोन-तीन महिन्यांनी उत्तर यायचं, 'आपल्या लेखनाची नोंद घेतली. सध्या ते आमच्या यादीत बसत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' ताई ते वाचून म्हणायची, "'पुढील वाटचालीस' हे मीसुद्धा घालते. नळ तोडायची नोटीस असली की."

हसून सोडून दिलं असतं तर ठीक होतं. पण ती दुसऱ्या दिवशी पहाटे माझे दोन्ही कान धरायची, माझं तोंड उघडायची आणि पहिलं पान काढून पुन्हा लिहायला बसायची. उत्तराखाली कधी एखादा शेरा असायचा. एका एजंटाला सुरुवात संथ वाटली, म्हणून तिनं मीटरवालीला पळत आणलं. दुसऱ्याला घाई वाटली, म्हणून पुन्हा चालत आणलं. तिसऱ्याला भूतकाळ आवडला नाही, तेव्हा बावन्नच्या बावन्न पानं वर्तमानकाळात गेली आणि महिन्याभरानं निमूटपणे परत भूतकाळात आली. पहिलं वाक्य तर तिनं एकतीस वेळा बदललं. दरवेळी पानं नीट ठोकून, सरळ करून माझ्या तोंडात द्यायची आणि मी ती गच्च धरायचो. आत्या म्हणायच्या, "चिमटा मात्र बाई खमका आहे." मीही फुशारायचो.

अशी चार वर्षं गेली. त्रेपन्नावं पान काही आलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, पुढे लिही की! ती बाई चार वर्षं कडीला हात लावून उभी आहे, तिच्या हाताला मुंग्या आल्या असतील! पण तोंडात बावन्न पानं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तशी माझी गत.

एका एजंटबाईंना छापील पानंच लागत. ताईनं पानं छापून घेऊन पाकिटात घातली आणि सोबत मीही गेलो. एजंटबाईंच्या कार्यालयात खिडकीखाली जमिनीवर पाकिटांचा कमरेएवढा ढीग होता. त्यात मी पाच महिने पडून होतो. माझ्या खालचा एक पितळी चिमटा म्हणाला, "आलास? बस. मी तीन वर्षं बसलोय." एजंटबाई दुपारी डबा खाता खाता वाचायच्या. बहुतेकांची दोन पानं वाचून तिसऱ्याला त्या डब्याचं झाकण लावत, आणि झाकण लागलं की तो लेखक संपला.

एका दुपारी त्यांनी मला उचललं. तिसरं पान गेलं, दहावं गेलं. डबा तसाच राहिला. फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही. बावन्नावं पान उलटल्यावर त्यांनी पुढचं शोधलं, मग पाकिटात बघितलं, मग चक्क वाकून टेबलाखाली. "बाकीचं कुठाय?" त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. मग एका चिठ्ठीवर लिहिलं, 'पूर्ण कादंबरी पाठवा. वाट बघते आहे.' ती चिठ्ठी पानांसकट माझ्याच तोंडात देऊन त्यांनी मला परत धाडलं. मित्रांनो, तो परतीचा प्रवास मी किती ऐटीत केला म्हणून सांगू!

ताईनं चिठ्ठी वाचली आणि आत्यांना मिठी मारली. आत्यांनी मला रुमालानं पुसून टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग ताई हळूहळू खुर्चीत बसली.

"मग पाठव ना," आत्या म्हणाल्या.

"काय पाठवू?"

"बाकीचं."

"बाकीचं नाहीये, आत्या."

आत्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "मग चार वर्षं रोज पहाटे उठून तू करत काय होतीस?"

ताईनं एजंटबाईंकडे तीन महिने मागून घेतले. पण कोरा कागद पुढे घेतला की तिला वाटायचं, बाई पहिल्यापासून वाचणार, तर आधी पहिलं प्रकरण एकदा बघून घेऊ. पुन्हा माझे कान, पुन्हा पहिलं पान. तीन महिने असेच गेले. तिनं आणखी मुदत मागितली, तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.'

ताई ते वाचून मोठ्यानं हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. तिनं मला पानांसकट कपाटावर फेकलं. दुसऱ्या दिवसापासून ती सातला उठू लागली. धुळीत पडल्या पडल्या मला कळून चुकलं. मी ती पानं इतकी छान धरली होती की ती संपलेल्या वस्तूसारखी दिसायची. माझ्या खमकेपणाचा मला तेव्हा फार राग आला.

आत्यांना मात्र चैन पडेना. एका रविवारी ताई बाहेर गेलेली असताना त्यांनी तळमजल्यावरच्या काकांना वर बोलावलं. काका विमा एजंट. आत्या म्हणाल्या, "चार वर्षं पोरगी एजंट शोधतेय हो. म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपल्याच जिन्यात एक असताना! हे घ्या तिचे कागद." आणि स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढलं.

काकांचा एक नियम होता. कागद बारीक अक्षरासकट पूर्ण वाचल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दोन तासांनी ताई आली तेव्हा ते शेवटच्या पानावर होते. सगळा प्रकार कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"काका, माफ करा. आत्याचा काहीतरी घोटाळा झालाय. मला विमा नकोय."

"ते राहू द्या हो," काका म्हणाले. "त्या बाईनं दार उघडलं का?"

"अजून लिहिलं नाही."

"का?"

"एजंट मिळाला नाही म्हणून."

बोलून गेली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. काकांनी चष्मा काढला. "ताई, मी तीस वर्षं एजंट आहे. एक सांगतो. विमा उतरवायलासुद्धा आधी माणूस जन्माला यावा लागतो." मग जिना उतरता उतरता म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. दार उघडून ठेवा."

सोमवारी ताई साडेपाचला उठली. तिनं माझे कान धरले, माझ्या तोंडातून बावन्न पानं काढली, पालथी घालून खालच्या खणात टाकली आणि खण लावून टाकला. मला बाजूला ठेवलं. एक पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर त्रेपन्न आकडा घातला.

मित्रांनो, ती खरंच लिहू लागली. दर रविवारी काका नवी पानं वाचायला येऊ लागले. गठ्ठा वाढत गेला. एकदा आत्यांनी नव्या-जुन्या सगळ्या पानांना मला लावून बघितलं. मी जिवाच्या आकांतानं तोंड फाडलं, पण इतकी पानं मला पेलेनात. मी निसटलो आणि उडून थेट फ्रीजखाली गेलो. आत्यांनी झाडूनं मला बाहेर ओढलं, गठ्ठ्याला जुन्या पायजम्याची नाडी बांधली आणि मला साखरेच्या पिशवीला लावलं. जन्मभर कागद धरले आणि म्हातारपणी साखर! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

अकरा महिन्यांनी, तीनशे अठराव्या पानावर कादंबरी पूर्ण झाली. काकांनी शेवटचं पान वाचून खाली ठेवलं. मग म्हणाले, "इतक्यात संपली?"

ताईला रडू फुटलं. सगळ्या एजंटांच्या सगळ्या शुभेच्छांत मिळून तिला इतकं काही मिळालं नव्हतं. तेवढ्यात काका पुढे म्हणाले, "पण दारामागे जे निघालं ना, ते मला..." आणि नेमका त्याच क्षणी आत्यांनी मिक्सर लावला.

कळलं आता मी का वैतागलोय ते? ज्या कडीपाशी मी चार वर्षं ताटकळलो, तिच्यामागे काय आहे हे मला अजून ठाऊक नाही! काकांना माहीत आहे. आत्यांना माहीत आहे. साखरेच्या फळीवर कुणी येऊन सांगत नाही.

ताईनं एजंटबाईंना पुन्हा लिहिलं. 'पूर्ण कादंबरी सोबत पाठवते आहे.' त्याला चार महिने झाले. उत्तर नाही. नाडीचा गठ्ठा त्या खिडकीखाली पितळी चिमट्याच्या शेजारी पडला असेल. ताई दिवसातून दहादा फोन बघते आणि चिडते. पण साडेपाचला उठते. टेबलावर नवी गोष्ट सुरू आहे, आणि तिची पानं सुटीच आहेत.

जिन्यात आत्यांची चप्पल वाजते आहे, म्हणून लवकर सांगतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा जुना चिमटा असला तर त्याला फेकू नका. गंज चढला तर तेलाचा एक थेंब द्या, आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. पण अर्धवट गोष्ट आमच्या तोंडात देऊन निजू नका. आम्ही ती सोडणार नाही, आमचा धर्मच तो. सोडवून घ्यायचं काम तुमचं.

आणि एक विनंती आहे. ताईचं पुस्तक कधी निघालं, तुमच्या हाती आलं आणि तुम्ही या घरी पाहुणे म्हणून आलात, तर स्वयंपाकघरात जरा थांबा. त्रेपन्नावं पान काढा आणि मोठ्यानं वाचा. फक्त आधी मिक्सर बंद आहे ना, तेवढं बघा.