तोंडातला घोट

आमच्या विनोद तपासणी कार्यालयाची पद्धत सोपी आहे. पकडून आणलेल्या माणसाने आपला विनोद पुन्हा सांगायचा आणि आम्ही तिघा तपासनिसांनी तोंडात पाण्याचा घोट धरून तो ऐकायचा. कुणाच्याही तोंडून पाणी उडालं की विनोद घातक, माणूस आत. कुठल्या दीडशहाण्याने हे शोधून काढलं देव जाणे, पण त्याला बढती मिळाली.

त्या दिवशी समोर माझे दाजी उभे राहिले. सलून चालवणारा माणूस, जिभेला हाड नाही. ताई बाहेर बाकावर रडत बसली होती. मी स्वतःला आवरलं असतं. भीती होती ती शेजारच्या फवाऱ्याची. हा आमचा सहकारी सूचनाफलक वाचूनही हसतो, म्हणून हे नाव. पलीकडे मुख्य तपासनीस बाई. त्यांना हसताना घरच्यांनीही पाहिलं नसावं. ते माझे दाजी आहेत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आम्ही ग्लास तोंडाला लावले. दाजींनी घसा खाकरला.

"सरकार म्हणतं, घरोघरी पाणी आलं. खरंय. आमच्याकडे रोज बातम्यांत येतं. बायकोने टीव्हीखाली बादली लावून ठेवलीय."

मी मांडीला कचकचून चिमटा काढला. फवाऱ्याचे खांदे गदागदा हलले, डोळ्यांतून धारा लागल्या, तोंडातून मात्र नुसती हवा सुटली. लबाडाने घोट आधीच गिळला होता! मी धास्तावून बाईंकडे पाहिलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

"पाणी उडालं नाही," त्या लगेच म्हणाल्या. "विनोद फालतू. सोडा यांना."

तोंडात घोट असता तर बाई बोलल्या कशा असत्या?

"फालतू?" दाजी उसळले. "अहो, दुसरा ऐका—"

मी घोट गिळला आणि त्यांचं तोंड दाबून त्यांना बाहेर काढलं. त्या दोघांचे पाय धरावेसे वाटत होते, पण आभार मानले असते तर सगळेच आत गेलो असतो.

ताई डोळे पुसत पुढे चालली होती. दाजींचं तोंड एवढंसं झालेलं.

"एकाच्याही तोंडून पाणी उडालं नाही रे. संपलो मी."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "सगळे हसले, दाजी. तुमच्यासाठी आतल्या आत हसले."

"बाईसुद्धा?"

"बाईसुद्धा."

दाजी फुटपाथवरच बसले. मीही बसलो आणि आम्ही पोटभर रडून घेतलं. रडायला अजून तपासणी लागत नाही.